चिठ्ठीतला घोडा, तेहतीसचा भाव

एप्रिल महिना. शुक्रवारची दुपार. ब्रिटनमधलं कुठलंही ऑफिस घ्या. एक टोपी (टोपी नसेल तर कॉफीचा मग किंवा बिस्किटांचा रिकामा डबा) टेबलाटेबलावरून फिरते. प्रत्येकाने एक-दोन पाउंड टाकायचे, आत हात घालायचा आणि एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर एका घोड्याचं नाव. शनिवारी दुपारी लिव्हरपूलच्या एन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल पळते. ज्याचा घोडा पहिला, त्याची टोपी. अकाउंट्समधल्या आजीबाईंपासून काल जॉइन झालेल्या ट्रेनीपर्यंत सगळे खेळतात. वर्षभर घोड्याकडे ढुंकून न बघणारा देश त्या एका दिवशी रेसिंग एक्स्पर्ट होतो. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या फायनलला कॉलनीतल्या काकू कव्हर ड्राइव्हवर बोलतात ना, सेम टू सेम.

माझा आतेभाऊ मँचेस्टरला आयटीत आहे. २०२५ च्या नॅशनलला त्यानेही चिठ्ठी काढली. इथपर्यंत ठीक. पण दादा चिठ्ठीवर थांबला नाही. मोबाइलवर अॅप होतंच. नऊ घोड्यांवर मिळून त्याने दोनशे पाउंड लावले, म्हणजे आपले वीस-बावीस हजार. एकट्या फेव्हरिटवर ऐंशी. सगळे गेले. दिवाळीला डोंबिवलीला आला तेव्हा गॅलरीत चहा पिता पिता हळू आवाजात हे सांगितलं आणि वर म्हणतो, "यार, नऊ घोडे घेतले होते. नऊ! एक तरी यायला नको?"

म्हटलं, दादा, बस. वही काढ.

(माझं क्वालिफिकेशन काय, असं विचाराल. मी महालक्ष्मीला गेलेय ती पार्ट्या आणि हॅट्स कव्हर करायला. पण आकडेमोड आवडते, आणि नॅशनल मी गेली कित्येक वर्षं एक पैसा न लावता वहीत खेळते. भारतात बसून तो खेळावा तसाच. परदेशी साइट्सवर इथून पैसे लावायचे नाहीत; २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदाच केलाय.)

आधी शर्यत काय आहे ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या शर्यती सपाट मैदानावरच्या. इंडियन डर्बी २४०० मीटरची. ग्रँड नॅशनल जवळपास ६,९०० मीटर, म्हणजे जवळजवळ तीन डर्ब्या सलग, आणि मध्ये ३० कुंपणं. म्हणून हिला स्टीपलचेस म्हणतात. पूर्वी आयर्लंडमधले उमराव एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत, वाटेत येईल ते बांध-कुंपण ओलांडत घोडे पिटाळायचे, तिथून आलेलं नाव. एन्ट्रीवर १६ कुंपणं आहेत. १४ दोनदा ओलांडायची, दोन एकदाच. त्यातलं चेअर नावाचं सगळ्यात उंच, पाच फुटांच्या वर. बीचर्स ब्रुक १८३९ मध्ये तिथे पडलेल्या कॅप्टन बीचरच्या नावाने ओळखलं जातं. कॅनल टर्नला तर उडी मारून पाय टेकतात न टेकतात तोच काटकोनात वळायचं. आणि शेवटचं कुंपण झाल्यावरही साडेचारशे मीटर उरतात. हे साडेचारशे मीटर भल्याभल्यांना खातात.

आता दादाची वही. पहिला प्रश्न मी त्याला विचारला, "तुझ्या ऑफिसातल्या टोपीत किती चिठ्ठ्या होत्या?"

"चौतीस."

बरोबर. २०२४ पासून जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात, त्याआधी ४० धावायचे. म्हणजे डोळे मिटून काढलेल्या चिठ्ठीला जिंकायची संधी ३४ मध्ये १. आता बुकीच्या भाषेत हा भाव किती? ३३ ला १. (एक हरायचा, तेहतीस मिळायचे, एकूण चौतीस.) थोडक्यात, ३३/१ हा भाव म्हणजे "या घोड्याबद्दल मला काहीच माहीत नाही, टोपीतून काढलाय" असं म्हणणं.

आणि २०२५ ला जिंकला कोण? निक रॉकेट. भाव? ३३/१.

दादा दोन मिनिटं वहीकडे बघत बसला.

कारण निक रॉकेटबद्दल काहीच माहीत नव्हतं, असं मुळीच नव्हतं. जानेवारीत आयर्लंडमधली थायस्टीस चेस त्याने जिंकली होती. फेब्रुवारीत फेअरीहाउसची बॉबीजो चेस जिंकली होती. ट्रेनर विली मलिन्स, म्हणजे आजच्या घडीला या धंद्यातला बाप माणूस; आदल्या वर्षीची नॅशनल त्याच्याच आय अॅम मॅक्सिमसने मारलेली. आणि तो आय अॅम मॅक्सिमसही २०२४ ला बॉबीजो जिंकूनच एन्ट्रीला आला होता. २००५ चा विजेता हेजहंटरसुद्धा त्याच रस्त्याने आलेला. इतकं सगळं कागदावर असताना भाव मात्र टोपीतल्या चिठ्ठीचा. व्हॅल्यू म्हणतात ती ही.

मी निक रॉकेट जिंकणार म्हणून ओळखला होता का? अजिबात नाही. माझ्या वहीत त्याच्यापुढे मी "वीसात एक" लिहिलं होतं. वीसात एक म्हणजे वीसपैकी एकोणीस वेळा हरणार! पण वीसात एकचा योग्य भाव १९/१, आणि मिळत होता ३३/१. हिशोब करा. असे वीस घोडे वीस वर्षांत घेतले, प्रत्येकावर एक पाउंड. एकोणीस जाणार, एक येणार आणि तेहतीस देणार. चौदा फायद्यात. आता दादाचा फेव्हरिट आयरोको घ्या. भाव १३/२. मी त्याच्यापुढे "दहात एक" लिहिलं होतं, म्हणजे निक रॉकेटच्या दुप्पट संधी. पण दहात एकचा योग्य भाव ९/१, आणि बुकी देत होता साडेसहा. दहा वेळा खेळा: नऊ जाणार, एकदा साडेसहा मिळणार. अडीच पाउंडांचा खड्डा. जिंकायची शक्यता जास्त असलेला घोडा आणि पैसे लावायच्या लायकीचा घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दादाने ऐंशी पाउंड या दोन्हींत फरक न करता लावले होते. (आयरोको चौथा आला. वाईट नव्हता बिचारा. महाग होता.)

"पण मग नऊ घोडे घेतले त्याचं काय?" दादा.

त्याचं उत्तर फाशात आहे. सहा बाजूंचा फासा, प्रत्येक बाजूचा योग्य भाव ५/१. बुकी प्रत्येक बाजूला ४/१ देतो. तू सहाही बाजू घेतल्यास तरी सहा टाकून पाच परत मिळणार. नऊ घोडे घेऊन रिस्क पसरत नाही, बुकीचं मार्जिन नऊ वेळा भरलं जातं. सगळ्या घोड्यांच्या भावातून निघणाऱ्या टक्क्यांची बेरीज केली तर ती नेहमी शंभराच्या वर जाते. तो वरचा भाग बुकीचा. घोडे जास्त तेवढी त्याला तो लपवायला जागा जास्त, आणि नॅशनलला घोडे भरपूर.

आता खरी गंमत. हँडिकॅप.

महालक्ष्मीवर रेस बघितलेल्यांना हा फंडा माहीत असेल: चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कच्च्याच्या पाठीवर कमी. ब्रिटनमध्ये हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो, एक पॉइंट म्हणजे एक पौंड वजन. १६० रेटिंगचा घोडा १५० वाल्यापेक्षा दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो जास्त उचलतो. हेतू हा की सगळे एकाच वेळी पोचावेत. ओझं काय करतं याचं बेस्ट उदाहरण १९७३. क्रिस्प नावाचा ऑस्ट्रेलियन घोडा, पाठीवर १२ स्टोन, सगळ्यांना मैलभर मागे टाकून एकटाच पळत होता. मागून रेड रम, पाठीवर १० स्टोन ५ पौंड. २३ पौंडांचा फरक, साडेदहा किलो. शेवटच्या त्या साडेचारशे मीटरमध्ये क्रिस्पचे पाय अक्षरशः लटपटायला लागले आणि रेड रमने अगदी खांबाजवळ त्याला गाठलं. पाऊण लेंग्थने. मी ती क्लिप कितीदा पाहिली असेल, दरवेळी वाटतं या वेळी तरी क्रिस्प पोचेल.

या अशा शर्यतींतूनच जुना नियम तयार झाला होता: ११ स्टोनच्या वर वजन असलेला घोडा खोडून टाका. वर्षानुवर्षं तो चाललाही. मग २००५ ला हेजहंटर ११ स्टोन १ घेऊन जिंकला. २०१० ला डोन्ट पुश इट ११-५ घेऊन, २०१५ ला मेनी क्लाउड्स ११-९ घेऊन. २०१९ ला टायगर रोल, २०२४ ला आय अॅम मॅक्सिमस, २०२५ ला निक रॉकेट, तिघंही ११ च्या वर. कारण शर्यतच बदलली. २०१३ पासून कुंपणांच्या आतला लाकडी सांगाडा जाऊन मऊ प्लॅस्टिक आलं. २०२४ पासून घोडे कमी झाले, पहिलं कुंपण स्टार्टजवळ आणलं म्हणजे तिथवर पोचेपर्यंत फार वेग येऊ नये, किमान रेटिंगची अट वाढवली. पूर्वी अर्धी शर्यत नशिबावर होती: पुढचा पडला की मागचा त्याच्यावर. १९६७ मध्ये तर एकाच कुंपणापाशी जवळपास सगळा घोळका अडकला आणि मागून रमतगमत येणारा १००/१ चा फॉइनाव्हॉन निवांत पुढे निघून गेला. त्या कुंपणाला आज त्याचंच नाव आहे. २००१ ला चिखलात चारच घोडे पोचले, त्यातल्या दोघांवर जॉकी पडून पुन्हा बसले होते. २०२४ ला एकही घोडा पडला नाही. एकही! अपघात कमी झाले की क्लास वर येतो. बाजार मात्र अजून कधीकधी जुन्या भीतीने भाव लावतो, म्हणून चांगल्या, जड घोड्यावर चांगला भाव मिळतो. निक रॉकेटच्या ३३ मध्ये या भीतीचा थोडा वाटा असावा असं मला वाटतं.

अजून एक फट आहे, आणि ही माझी फेव्हरिट. नॅशनलची वजनं फेब्रुवारीतच जाहीर होतात. शर्यत एप्रिलमध्ये. मधल्या दोन महिन्यांत घोडा काहीही जिंको, नॅशनलचं वजन बदलत नाही. म्हणजे मार्चमध्ये जो घोडा अचानक सुधारला त्याला जुन्या पगारावरच काम करायला लावल्यासारखं आहे, फक्त इथे फायदा घोड्याचा. २०२३ चा विजेता कोराक रॅम्बलर बघा. वजनं जाहीर झाल्यावर मार्चमध्ये चेल्टनहॅमला अल्टिमा हँडिकॅप जिंकला, हँडिकॅपरने रेटिंग वाढवलं, पण नॅशनलला पाठीवर जुनेच १० स्टोन ५. अर्थात हे सगळ्यांनाच दिसतं, त्यामुळे तो ८/१ ने फेव्हरिट झाला. तरी जिंकला. निक रॉकेटची बॉबीजोही वजनांनंतरचीच. ती तेवढी कुणाच्या डोळ्यांत भरली नाही.

मग वय, देश, वगैरे. २०१५ ते २०२५ चे सगळे विजेते सात ते नऊ वर्षांचे. २०१८ ते २०२५ मध्ये सात शर्यती झाल्या (२०२० ची कोविडमुळे रद्द), त्यातल्या सहा आयर्लंडच्या घोड्यांनी नेल्या. दादाने लगेच वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: "आयरिश, ७ ते ९." मी पेन काढून घेतलं. असे नियम खोडायला सोपे आणि महाग असतात. १९४० नंतर सात वर्षांचा घोडा कधी जिंकला नव्हता, म्हणून २०२२ मध्ये कित्येकांनी नोबल येट्सवर काट मारली. तो जिंकला, ५०/१ ने. दहा शर्यतींच्या आकडेवारीवर मी साधी भिशीसुद्धा लावणार नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या घोड्याला मात्र मी सरळ नाही म्हणते. तेरा वर्षांचा शेवटचा विजेता १९२३ चा आहे. आणि २०२५ च्या नॅशनलमध्ये तेरा वर्षांचा सेलेब्र दालें शर्यतीनंतर कोसळला आणि काही दिवसांत दगावला.

हे लिहिताना हात थोडा थांबतो. २०२३ ला हिल सिक्स्टीन पहिल्याच कुंपणावर गेला, त्या वर्षी प्राणिप्रेमी निदर्शक ट्रॅकवर उतरल्यामुळे शर्यत उशिरा सुरू झाली होती. २०१२ ला दोन घोडे गेले. सुधारणा झाल्यात, खऱ्या झाल्यात, पण आपण वहीत जे "३३/१" लिहितो ते एक जिवंत जनावर आहे, तीस वेळा उडी मारणारं. मी तरीही बघते. का, ते मला नीट सांगता येत नाही.

परत पैशांकडे. दादाच्या नऊमधले चार बेट्स "ईच-वे" होते, कारण ऑफिसातला एक जण म्हणाला की ते सेफ असतं. ईच-वे म्हणजे दोन बेट्स: अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या काहींत येण्यावर. नॅशनलला बुकी बहुधा पहिले पाच-सहा नंबर धरतात आणि प्लेसला भावाचा एक पंचमांश देतात. आता ४०/१ च्या घोड्यावर पाच पाउंड ईच-वे, म्हणजे दहा लावले आणि तो पाचवा आला. जिंकण्याचे पाच गेले. प्लेसचा भाव ८/१, त्याचे चाळीस आणि मूळ पाच. पस्तीस पाउंड फायदा, तोही पाचव्या घोड्यावर! आता हेच ४/१ च्या फेव्हरिटवर करा. प्लेसचा भाव पाचास चार. घोडा तिसरा आला, तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि दहातले नऊ परत आले. म्हणून लहान भावावर ईच-वे खेळू नका. मोठ्या भावाच्या, पण उडीत भरवशाच्या, सव्वाचार मैल पुरणाऱ्या घोड्यावर मात्र तोच प्रकार सोन्यासारखा आहे. अशा घोड्याची खूण? तीन मैलांच्या पुढच्या शर्यतीत शेवटी तो मागे पडत होता की पुढच्यांना गाठत होता ते बघा. बस. जिंकला की नाही हे नंतर.

आणि नावांपासून सावध. नॅशनलला अर्धा देश नावावर, जॉकीच्या कपड्यांच्या रंगावर, नाहीतर सेंटिमेंटवर पैसे लावतो. २०१० ला ए. पी. मॅकॉय पंधराव्यांदा प्रयत्न करत होता, तोवर एकदाही जिंकला नव्हता. लोकांनी प्रेमापोटी डोन्ट पुश इटवर इतके पैसे ओतले की शर्यतीआधी भाव धडाधड उतरून तो १०/१ वर जॉइंट फेव्हरिट झाला. तो जिंकला, सगळे रडले. पण घोडा सकाळी जेवढा चांगला होता तेवढाच संध्याकाळी होता, भाव तेवढा खराब झाला. तसं निक रॉकेटच्या मागेही स्टोरी होती. हा घोडा मालकाच्या बायकोच्या हौसेचा. त्याची पहिली शर्यत बघितल्यावर काही दिवसांतच ती कॅन्सरने गेली. जॉकी विली मलिन्सचा स्वतःचा मुलगा पॅट्रिक, आणि मुलगा जिंकल्यावर कडक समजले जाणारे मलिन्ससाहेब कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले. ही स्टोरी सगळ्यांना कळली ती शर्यतीनंतर. आधी कळली असती तर ३३ चे वीस झाले असते, आणि मग माझ्या वहीतली व्हॅल्यू गेली.

शेवटी मी दादाला एक काम दिलं. २०२४ ची यादी, बत्तीस घोडे, भाव झाकलेले. प्रत्येकापुढे आधी स्वतःचा आकडा लिही: वीसात एक, पन्नासात एक, शंभरात एक. सगळ्यांची बेरीज शंभर टक्के झाली पाहिजे. मगच भाव उघड. पहिल्या फेरीत बेरीज २४० आली. साहेबांना प्रत्येकच घोडा आवडत होता! दुसऱ्या फेरीत १५०. तिसऱ्या फेरीत १०४ वर आला तेव्हा अंधार पडला होता, आणि भाव उघडल्यावर त्याच्या आकड्यापेक्षा मोठा भाव असलेले घोडे उरले तीन. नऊ नाही, तीन. त्या तिघांवर वहीत पाच-पाच पाउंड लिहिले. तिन्ही हरले. दादा वैतागला. म्हटलं, पंधराच गेले ना, तेही कागदावर.

तेवढ्यात आत्या चकल्यांची बशी घेऊन गॅलरीत आली. तिला या सगळ्यातलं काय आणि किती ऐकू गेलं होतं देव जाणे. बशी वहीवर ठेवली आणि म्हणाली, "घोड्यांचं चाललंय ना तुमचं? काय रे, किती हरलास?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी चकली उचलली.

"दोनशे," तो म्हणाला.

"हात्तिच्या," आत्या म्हणाली, "दोनशे रुपयांसाठी तोंड एवढं पाडतात का?"